खाटेशेजारची खुर्ची

यंदा जून महिन्यात शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची मोजदाद चालली होती. पावसाळा तोंडावर, कपाटांना ओल आलेली, त्यामुळे प्रत्येक पुस्तक बाहेर काढून पुसून ठेवावे लागत होते. त्या ढिगात मला माझीच एक जुनी प्रत भेटली. अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची 'कॅन्सर वॉर्ड'. धारवाडला एम.ए. करीत असताना रद्दीवाल्याकडून घेतलेली इंग्रजी प्रत पुढे मी शाळेला देऊन टाकली होती. पुस्तकामागच्या कार्डावर एकच नाव होते, तेही माझेच. इतक्या वर्षांत ते पुस्तक दुसऱ्या कोणी नेले नव्हते.

ती प्रत घरी आणून पुन्हा वाचली. मग त्याच ओघात याच विषयावरच्या आणखी काही कलाकृती नव्याने पाहिल्या, वाचल्या. तरुण वयातला कर्करोग हा विषय आपल्याकडच्या कथा-चित्रपटांना नवा नाही. किंबहुना तो त्यांच्या आवडीचा आहे. बहरात आलेले झाड कोसळावे, तसा विशीतला नायक किंवा नायिका अखेरच्या अंकात जाते आणि आपण रुमाल काढतो. पण हे लेखक-दिग्दर्शक त्या मुलाकडे नेमके कोठून पाहतात? इस्पितळात प्रत्येक खाटेशेजारी एक खुर्ची किंवा स्टूल असते. भेटायला आलेला माणूस त्यावर बसतो, मोसंबी ठेवतो, दोन धीराचे शब्द बोलतो आणि घड्याळ बघतो. आपले बहुतेक वाङ्मय त्या खुर्चीवरून लिहिलेले आहे, अशी माझी तक्रार आहे. खाटेवरून छत कसे दिसते, हे त्यात फारसे सापडत नाही.

पहिले उदाहरण अर्थातच 'आनंद'. हृषीकेश मुखर्जी यांचा हा चित्रपट १९७१ सालचा. माझ्या पिढीने तो डोक्यावर घेतला आणि त्यात काही चूक केली असे मी आजही म्हणणार नाही. राजेश खन्नाचे ते उधळून टाकलेले हसू, भेटेल त्याला 'मुरारीलाल' म्हणून हाक मारण्याची लकब, हे सारे मनात घर करून बसते. परंतु चित्रपटाची बांधणी पाहा. सुरुवात होते ती डॉक्टर भास्कर बॅनर्जी यांच्या सत्कारसमारंभाने. त्यांनी आनंदवर पुस्तक लिहिले आहे, त्याला पारितोषिक मिळाले आहे, आणि त्या पुस्तकातून आनंदची कथा आपल्याला कळते. म्हणजे आजार आनंदचा, पुस्तक डॉक्टरांचे. आतड्याच्या कर्करोगाने मरणाऱ्या या तरुणाचे काम काय, तर उदास डॉक्टरला जगायला शिकवणे, अबोल प्रेमिकांची गाठ घालून देणे, अनोळखी माणसांच्या चेहऱ्यावर हसू आणणे. त्याला स्वतःला काय हवे होते? दिल्लीत मागे राहिलेल्या एका मुलीची आठवण चित्रपटात ओझरती येते आणि जाते. रात्री दोन वाजता जेव्हा पोट दुखते आणि मुरारीलाल कोणी जवळ नसतो, त्या वेळचा आनंद आपल्याला फारसा दिसत नाही. अखेरीस त्याचा आवाज ध्वनिफितीवरून येतो, तोही त्याचे प्राण गेल्यावर. चित्रपट म्हणून ही योजना प्रभावी आहे, हे मान्य. पण आजारी तरुणाने निरोग्यांना धडा द्यावा ही अपेक्षा या एका चित्रपटाने आपल्या समाजात इतकी घट्ट रुजवली, की पुढे खऱ्या मुलांना तिचा जाच झाला. हे मी ऐकीव सांगत नाही. तो जाच करणाऱ्यांत मीही होतो.

२०१२ साली मी नुकताच मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो होतो. (पुन्हा खुर्चीच!) खानापूरकडच्या एका खेड्यातून येणारा नववीतला एक मुलगा कबड्डीत चांगला होता. त्याचे गुडघ्यावरचे दुखणे आम्ही सर्वांनी खेळातली इजा म्हणून सोडून दिले. क्रीडाशिक्षकांनी पट्टी बांधायला सांगितले, मी "जाईल रे, वाढीचं वय आहे" म्हणालो, घरच्यांनी हाडवैद्याकडून तीन महिने तेल चोळून घेतले. सूज वाढली तेव्हा मुंबई गाठली. हाडाचा कर्करोग निघाला. केमो, मग शस्त्रक्रियेत मांडीपासून पाय गेला, मग पुन्हा केमो. वर्ष उलटून गेल्यावर तो कुबड्या घेऊन शाळेत परतला. डोक्यावर टोपी होती, कारण केस अजून आले नव्हते.

त्याच्या परतण्याच्या दिवशी मी प्रार्थनेच्या वेळी त्याला व्यासपीठावर बोलावले. हार घातला. भाषण केले. 'आनंद'ची गोष्ट सांगितली आणि "हा आपल्या शाळेचा आनंद" असे म्हणालो. टाळ्या झाल्या. एका बाईंनी डोळे पुसले. मला माझे भाषण चांगले झाल्यासारखे वाटले. 'आनंद'चा शेवट त्या प्रांगणातल्या सातशे मुलांना ठाऊक होता आणि त्यालाही ठाऊक होता, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

पुढची गोष्ट सहामाही परीक्षेची. त्याला त्रास देऊ नका, सांभाळून घ्या, असे मी शिक्षकांना सांगून ठेवले होते. गणिताच्या शिक्षकांनी सांभाळून घेतले. दोन दिवसांनी मुलगा उत्तरपत्रिका हातात घेऊन कार्यालयाच्या दारात उभा.

"सर, ह्यातली तीनच गणितं मी केल्यात. पन्नासातले बत्तीस मार्क कुठनं आले?"

"असू दे रे बाळ. तुझं वर्ष वाया जायला नको."

"वर्ष तर गेलंच की सर. गणित तरी येऊ दे."

त्याने पुन्हा पेपर लिहिला. एकोणीस गुण पडले. ते घेऊन तो समाधानाने वर्गात गेला. मी मात्र बराच वेळ बसून राहिलो. आजवर वाचलेल्या आणि पाहिलेल्या कलाकृतींत सहामाहीची उत्तरपत्रिका कोठेच नव्हती, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

असो. आपण वाङ्मयाकडे वळू.

एरिक सेगल यांची 'लव्ह स्टोरी' १९७० सालची. मुलगी मेली, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकण्याचे धाडस लेखकाने केले आहे, पण सांगणारा तिचा नवरा आहे. त्या कादंबरीतील एक तपशील मला आता फार महत्त्वाचा वाटतो. जेनीला प्राणघातक आजार आहे हे डॉक्टर प्रथम तिला सांगत नाहीत. नवऱ्याला एकट्याला बोलावून सांगतात. पंचविशीच्या उंबरठ्यावरची, शिकलेली, फटकळ बाई, तिचेच रक्त, आणि बातमी दुसऱ्याला! कादंबरीला यात काही वावगे वाटत नाही. आपल्याकडे १९७८ साली 'अँखियों के झरोखों से' आला. सचिन आणि रंजिता ही जोडी, रक्ताचा कर्करोग, गोड गाणी. त्याबद्दल अधिक लिहावे असे काही मला आढळत नाही. अशा चित्रपटांत आजार ही एक सोय असते. लग्नानंतरचा संसार, भांडणे, पगार, सासू यांपैकी काहीच दाखवावे लागत नाही. प्रेम कोवळे असतानाच पडदा पडतो.

रुग्णाला सांगावे की न सांगावे, हा प्रश्न मात्र एका मराठी चित्रपटाने सरळ हातात घेतला. संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ 'श्यामची आई'नंतर अर्धशतकाने मराठीला त्याने मिळवून दिले. कोकणातले आजोबा आपल्या लहानग्या नातवाला, परशुरामला, पुण्याला घेऊन येतात. डोळ्यांतल्या पडद्याचा कर्करोग आहे. जीव वाचेल, पण दोन्ही डोळे काढावे लागतील. आणि येथे डॉक्टर आग्रह धरतात की, शस्त्रक्रियेपूर्वी हे मुलाला सांगितले पाहिजे.

त्या एका आग्रहासाठी मी या चित्रपटाला 'आनंद'च्या वर ठेवतो. शरीर मुलाचे आहे, तेव्हा बातमीही त्याची आहे, हे त्यात गृहीत धरले आहे. अरुण नलावडे यांच्या आजोबांची सारी तगमग याच गाठीभोवती फिरते. सांगायचे कसे? सांगायला शब्द कोणते? अखेर आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून नाहीसे होतात आणि त्याला शहर दाखवून आणतात. डॉक्टर संतापतात, इस्पितळात धावपळ होते. पण त्या मुलाला दिसण्याचा एक भरगच्च दिवस मिळतो. यात दया नाही. त्याची खरी गरज काय हे ओळखून केलेली ती चोरी आहे. अश्विन चितळे या मुलाने परशा असा उभा केला आहे की, त्याचा हट्ट, आरडाओरडा, कंटाळा हे सारे कर्करुग्णाचे न वाटता मुलाचे वाटते. शेवटी काळा चष्मा लावून तो गावाकडे परततो, म्हणजे जगतो. मला खटकते ते इतकेच की, चित्रपट तेथेच थांबतो. गावातली शाळा त्याला कशी वागवणार, पाटीवर काय लिहिणार, हे आपण घरी जाताना आपसांत बोलायचे.

माझ्या विद्यार्थ्याला कोणी सांगितले नव्हते. घरचे 'गाठ' म्हणत. बापाने डॉक्टरांना हात जोडून विनंती केली होती की, पोरासमोर नाव काढू नका. पण इस्पितळाच्या पाटीवर देवनागरीत ठळक अक्षरांत रोगाचे नाव होते आणि पोराला वाचता येत होते. आम्हीच शिकवले होते. पुढे चार महिने आई-बाप त्याच्यासमोर हसत राहिले आणि तो त्यांच्यासमोर. तिघांनाही ठाऊक होते. घरातील प्रत्येकाने एकमेकांना वाचवण्यासाठी केलेले हे नाटक किती घरांत चालले असेल, आणि त्यात खाटेवरचे पोर किती एकटे पडत असेल!

आता 'कॅन्सर वॉर्ड'. सोल्झेनित्सिन यांना स्वतःला १९५४ साली ताश्कंदच्या इस्पितळात कर्करोगावर उपचार घ्यावे लागले होते. कादंबरीतला काळ १९५५ सालचा आहे. १९६८ साली ती रशियाबाहेर छापली गेली, कारण देशात छापू दिली नाही. या कादंबरीला सहसा राजकीय रूपक म्हणून वाचतात. स्टालिननंतरचा रशिया हाच एक आजारी वॉर्ड, वगैरे. मीही विद्यार्थिदशेत तशीच वाचली आणि परीक्षेत तसेच उत्तर लिहून गुण मिळवले. या वेळी वाचताना मला रूपकात रस उरला नव्हता. मी फक्त एका मुलाला शोधत होतो.

त्याचे नाव द्योमका. वय सोळा. बाप नाही, आईचे वागणे असह्य होऊन घर सोडलेला. कारखान्यात काम करीत शिकतो आहे. फुटबॉल खेळताना पायावर चेंडू आदळला आणि दुखणे सुरू झाले. येथे मी पुस्तक मिटून ठेवले होते, हे कबूल करतो. कबड्डी आणि फुटबॉल एवढाच फरक. लेखकाने त्याला प्रौढांच्या वॉर्डात ठेवले आहे. आजूबाजूला घशाचे, मानेचे, पोटाचे रोगी. सगळे बापाच्या नाहीतर आजाच्या वयाचे. ते पेन्शन, बायका आणि राजकारण यांवर बोलतात. हा खाटेवर वाचत पडलेला असतो. जगण्याचे मोठे प्रश्न तो एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारतो, एखाद्या शेजाऱ्याला विचारतो. लहान मुलांच्या वॉर्डात तो मावत नाही आणि मोठ्यांत बसत नाही.

हा नुसता कथेतला तपशील नव्हे. वैद्यकशास्त्राला हे फार उशिरा सुचले. लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळात किशोरवयीन कर्करुग्णांसाठी वेगळा वॉर्ड 'टीनएज कॅन्सर ट्रस्ट' या संस्थेने उघडला तो १९९० साली. आता पंधरा ते एकोणचाळीस हा एक स्वतंत्र वयोगट म्हणून मानला जातो, कारण या वयाचे प्रश्नच निराळे. शिक्षण अर्धे, नोकरी नाही किंवा नुकती लागलेली, लग्न व्हायचे, शरीर नुकते कोठे आपले वाटू लागलेले. सोल्झेनित्सिन यांनी शास्त्राच्या आधी वीस-पंचवीस वर्षे तो मुलगा चुकीच्या वॉर्डात पडलेला पाहिला होता.

शरीराचे म्हणाल, तर त्या बाबतीत ही कादंबरी अजूनही आपल्या पुढे आहे. इस्पितळात आस्या नावाची मुलगी येते. देखणी, खेळाडू, नाचरी. आपण दोन-तीन दिवस तपासणीसाठी आलो आहोत अशा समजुतीत असलेली. पाय कापून घेण्यापेक्षा मेलेले बरे, असे ती द्योमकाला बेधडक सांगते. द्योमका हादरतो, पण अखेर पाय कापून घेतो. नंतर एके दिवशी तीच आस्या रडत त्याच्या खाटेशी येते. तिचा स्तन काढायचा ठरला आहे. आता आपण कोणाला हव्या असणार, हा तिचा आकांत. एका पायाचा सोळा वर्षांचा मुलगा गोंधळून तिला लग्नाचे वचन देऊ करतो. आणि उद्या जे नसणार आहे ते ती त्याला दाखवते, त्याने त्याचे चुंबन घ्यावे म्हणून.

हा प्रसंग वर्गात शिकवता येणार नाही, आणि आमच्याकडची पुष्कळ वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. परंतु मी जे काही वाचले आहे त्यात तरुण कर्करुग्णाच्या गरजेवर इतके खरे पान दुसरे नाही. त्यात शृंगार जवळपास नाहीच. दोन मुले आपले शरीर हरवत असताना एकमेकांना साक्षीदार म्हणून बोलावतात, एवढेच. एक गोष्ट मात्र मला खुपते. आधी बेधडक बोललेल्या आस्यालाच लेखकाने हा आजार दिला आहे. जणू तिच्या उथळ बोलण्याची शिक्षा. लेखकाचा तो हेतू नसेलही, पण आजाराला पापपुण्याच्या वहीत मांडण्याची सवय आपल्या सर्वांच्या हाडीमांसी इतकी मुरली आहे की, सोल्झेनित्सिनही तिच्यातून पुरते सुटले नाहीत. सुझन सोंटाग यांनी १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर' लिहून याच खोडीवर बोट ठेवले होते.

कादंबरीचा नायक कोस्तोग्लोतोव्ह चौतिशीतला आहे. त्याला दिली जाणारी संप्रेरकाची सुई पुरुषत्व हिरावून घेईल, हे त्याला डॉक्टरांकडून कळत नाही. ओळखीच्या झालेल्या परिचारिकेकडून कळते. जीव वाचवण्याच्या बदल्यात काय घेतले जाते आहे, हे विचारण्याचा हक्क तो मागतो. आज केमोपूर्वी मुलाचे वीर्य साठवून ठेवता येते, मुलींसाठीही काही उपाय झाले आहेत. पण ते विचारायचे कोणी? सोळा वर्षांच्या पोराच्या बापाने? आमच्या भागातला बाप हा प्रश्न उच्चारण्याआधी जमिनीत जाईल. मग पोर पंचविशीचे झाल्यावर तो प्रश्न आपोआप दारात येऊन उभा राहतो.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण मरणाचा शेवट आता जुना झाला आहे असे मी म्हणतो तेव्हा त्याला आधार हवा. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुले एकेकाळी काही आठवड्यांत, महिन्यांत जात. १९४७ साली बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध देऊन पाहिले आणि काहींचा रोग, तात्पुरता का होईना, मागे हटला. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिचे सूत्रधार होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. पुढे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रीमंत देशांत आता कर्करोग झालेल्या शंभरातली ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम देशांत हे प्रमाण तिसाच्याही खाली असू शकते. २०३० सालापर्यंत जगभरात निदान साठ टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ साली ठेवले. म्हणजे उरलेला फरक रोगाचा नाही. उशिरा निदान, अर्धवट सोडलेले उपचार, औषधांचा तुटवडा आणि पैसा, यांचा आहे. तेल चोळण्यात गेलेल्या तीन महिन्यांचा आहे.

म्हणूनच, बरी होणारी मुले इतकी वाढत असताना कथेतले मूल मात्र अजून मरतेच आहे, हे मला वाङ्मयाचे आळशीपण वाटते.

जॉन ग्रीन या अमेरिकन लेखकाची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' २०१२ साली आली. माझ्या एका भाचीने मला ती वाचायला लावली. तिच्यातही मरण आहे. पण बोलणारी हेझल स्वतः सोळा वर्षांची रुग्ण आहे, खाटेवरची आहे. प्राणवायूची नळकांडी ओढत ती फिरते. 'शौर्याने झुंज दिली' अशा छापाच्या श्रद्धांजल्यांची ती रेवडी उडवते. कर्करोगी मुलांना लोक दयेपोटी सवलती आणि भेटवस्तू देतात, त्यांचीही ती थट्टा करते. ते वाचताना मला माझी बत्तीस गुणांची उत्तरपत्रिका आठवली. हेझलला सर्वांत मोठी भीती मरणाची नाही. आपल्या मागे आई-बापांचे काय होईल, ही आहे. आपली आई चोरून समाजकार्याचा अभ्यास करते आहे, म्हणजे आपल्यानंतरही तिला काही असेल, हे कळल्यावर ती मुलगी सुखावते. हा फार बारकाईने टिपलेला क्षण आहे.

या कादंबरीचे दोषही सांगायला हवेत. सगळी पोरे फार चतुर बोलतात. ॲमस्टरडॅमची सहल मला पटली नाही. आणि हेझलच्या घरी म्हैस विकावी लागत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या घरी विकावी लागली, नंतर शेताचा एक तुकडाही. मुंबईत राहायचे कोठे हा आमच्याकडच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने किती सीमाभागातल्या, विदर्भातल्या, बंगाल-बिहारमधल्या कुटुंबांना आसरा दिला असेल. २००६ सालापासून 'सेंट ज्यूड' संस्था मुलांसह कुटुंबांची विनामूल्य सोय करू लागली. तरी परळच्या टाटा इस्पितळाबाहेरच्या पदपथावर अंथरूण टाकलेली कुटुंबे ज्याने पाहिली, त्याला ॲमस्टरडॅम दूरच वाटणार. आमचा मुलगा मला एकदा म्हणाला होता, "सर, सुई टोचायची तेव्हा मी मोजायचो. एक सुई म्हणजे किती लिटर दूध." ग्रीनला हे सुचणे शक्य नव्हते. मराठी लेखकाला सुचायला हवे होते.

मुलांच्या हातात देण्याजोगे म्हणून मी ग्रंथालयासाठी युवराज सिंग यांचे 'द टेस्ट ऑफ माय लाइफ' मागवले. २०१३ सालचे आहे. २०११चा विश्वचषक जिंकून देणारा खेळाडू, छातीतली गाठ, अमेरिकेतले उपचार आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा मैदानावर. वाङ्मयीन गुण बेताचे, पण मुले नेतात. त्याच्या कार्डावर बरीच नावे आहेत. रोग्याने स्वतः, जिवंतपणी, आपल्या नावाने सांगितलेली हकिकत आहे हा त्याचा गुण मी कमी मानत नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने लहानपणी कर्करोग होऊन बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' नावाचा गट २००९ सालापासून काम करतो. अशा तरुणांपैकी एखाद्याने मराठीत सविस्तर लिहावे, अशी माझी फार इच्छा आहे. मात्र त्याला 'आनंद' होण्याची सक्ती करू नये. तो चिडका असू दे, कंटाळलेला असू दे, सहामाहीत नापास होऊ दे.

आमचा विद्यार्थी आता सत्ताविशीचा आहे. एका सहकारी पतसंस्थेत हिशेब लिहितो. गणित आले. कृत्रिम पाय लावून स्कूटर चालवतो, वर्षातून एकदा तपासणीला मुंबईला जातो. दोन ठिकाणी लग्नाचे जमत आले आणि मोडले. एकदा आजार सांगितला म्हणून, दुसऱ्यांदा लपवला होता तो कळला म्हणून. यावर कथा लिहायची तर शेवट काय करणार, असे मी एका कथालेखक मित्राला विचारले. "शेवटच सापडत नाही त्यात," तो म्हणाला.

गणपतीच्या सुटीत तो घरी आला होता. हा लेख लिहायला घेतला होता, म्हणून त्याची परवानगी विचारली. "नाव घालू नका, बाकीचं घाला," म्हणाला. व्यासपीठावरच्या त्या दिवसाबद्दल मी पहिल्यांदाच विचारले. तो हसला.

"काय नाही सर. सगळी माझ्याकडंच बघालती. मला लाइनीत उभं ऱ्हायचं होतं."

मग चहा पिता पिता मी त्याला द्योमकाची गोष्ट सांगितली. चेंडूची, वॉर्डाची, कापलेल्या पायाची. आस्याचीही सांगितली, थोडी सावरून. त्याने सगळे लक्ष देऊन ऐकले.

"मग पुढं? त्याची शाळा?"

शाळेबद्दल कादंबरीत पुढे काही येत नाही, मी म्हणालो. इस्पितळातून सुटल्यावर कोस्तोग्लोतोव्ह त्याच्या सांगण्यावरून शहरातले प्राणिसंग्रहालय बघायला जातो आणि गाडी पकडण्यापूर्वी त्याला पत्र लिहितो. कोणकोणते प्राणी पाहिले ते कळवतो, बरा हो म्हणतो.

"आणि ह्यानं परत काय लिहिलं?"

ते पत्र कादंबरीत नाही.